गुणवत्ता आणि निर्भयता

(कफ परेड येथील मच्छीमारनगरात कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मला दिलेला विषय असा आहे : कंपन्या ‘टोटल क्वालिटी मॅनेजमेंट’ची तत्त्वे कशी राबवतात? मराठीत आपण त्याला ‘संपूर्ण गुणवत्ता व्यवस्थापन’ म्हणू. विषय ऐकून काहींच्या मनात आले असेल की, हे तर व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांचे खाद्य. मच्छीमारनगरात त्याचे काय काम? परंतु येथे जमलेल्यांपैकी कोणी ससून डॉकवर राबतात, कोणी समोरच्या मनोऱ्यांतील कचेऱ्यांत सफाईचे वा पहाऱ्याचे काम करतात, तर कोणाची मुले दूरच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहेत. या तिन्ही ठिकाणी ‘गुणवत्ता’ या शब्दाच्या नावाने कामाची रीत ठरते, वेग ठरतो आणि पुष्कळदा मजुरीही ठरते. जो शब्द आपल्या मजुरीला हात घालतो, त्याचा अर्थ आपल्याला नीट माहीत असलाच पाहिजे.

माझे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो. गुणवत्तेचा हा विचार मुळात खोटा नाही, तो भांडवलदारांनी रचलेला निव्वळ डावही नाही. त्याचा पाया कामगाराच्या निर्भयतेवर घातलेला होता. कंपन्यांनी त्यावरची इमारत उचलली आणि पाया मात्र जागच्या जागी सोडून दिला. तेव्हा आपले काम गुणवत्तेला विरोध करण्याचे नसून तो पाया परत मागण्याचे आहे.

मूळ विचार काय होता?

कारखान्यात माल तयार होतो, शेवटी तपासनीस तो पाहतो, चांगला पुढे पाठवतो आणि वाईट बाजूला काढतो. ही जुनी पद्धत. तिच्यात दोन दोष आहेत. वाईट माल तयार करण्यासाठी लागलेले श्रम, कच्चा माल आणि वीज वाया गेलेलीच असते; आणि तो वाईट का झाला, हे तपासनिसाला कळत नाही. अमेरिकेतील बेल टेलिफोन उद्योगातील शास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली निराळा मार्ग दाखवला. माल तपासण्यापेक्षा माल घडवणारी प्रक्रिया तपासा, तिच्यातील चढउतार आकड्यांनी आणि आलेखाने टिपा, आणि बिघाड होण्याच्या आधीच त्याची चाहूल घ्या, असे त्यांचे सांगणे होते. प्रा. महालनोबीस यांच्या पुढाकाराने हेच शूहार्ट १९४७–४८ मध्ये भारतात आले होते. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्याच वर्षात हा विचार आपल्या दारात उभा होता.

पुढे एडवर्ड्‌स डेमिंग यांनी १९५० मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या जपानात व्याख्याने दिली. १९५१ पासून तेथे त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. १९५४ मध्ये जोसेफ जुरान गेले. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या प्रेरणेने कामगारांची ‘गुणवत्ता मंडळे’ उभी राहिली : एका खात्यातील आठदहा माणसांनी एकत्र बसायचे, आपल्या कामातील दोष आपणच शोधायचे आणि उपायही आपणच सुचवायचे. या सर्वांतून जी तत्त्वे तयार झाली, ती थोडक्यात चार आहेत. माल वापरणाऱ्याची गरज ही पहिली कसोटी. शेवटच्या तपासणीपेक्षा प्रत्येक टप्प्यावरची काळजी श्रेष्ठ. निर्णय मर्जीने न घेता मोजमापाने घ्यावा. आणि सुधारणा ही एकदाच करायची गोष्ट नसून शिपायापासून संचालकापर्यंत सर्वांनी रोज करायची गोष्ट आहे.

परंतु डेमिंग यांच्या विचाराचा गाभा याहून खोल आहे आणि नेमका तोच आपल्याकडे क्वचित सांगितला जातो. ‘आउट ऑफ द क्रायसिस’ या ग्रंथात ते म्हणतात की, कामात जे दोष उद्भवतात त्यांतील सुमारे ९४ टक्के दोष व्यवस्थेचे असतात आणि व्यवस्था ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. यंत्र जुने, कच्चा माल हलका, शिकवणूक अपुरी, वेग अवाजवी. अशा स्थितीत कामगाराला ‘काळजीपूर्वक काम कर’ असे बजावणे व्यर्थ आहे. त्यांच्या प्रसिद्ध चौदा सूत्रांतील काही सूत्रे ऐका : भीती हद्दपार करा. घोषणांच्या पाट्या काढून टाका. कामाचे आकडेबंद कोटे रद्द करा. केवळ कमी किमतीकडे पाहून खरेदी करू नका. कामगाराचा आपल्या कामाविषयीचा अभिमान हिरावून घेऊ नका. एखाद्या कामगार संघटनेच्या मागणीपत्रात शोभावीत अशी ही सूत्रे आहेत. आणि ती लिहिणारा मनुष्य संख्याशास्त्रज्ञ होता, संघटनेचा पुढारी नव्हता.

गिरणगावाला हे आधीच ठाऊक होते

परळ-लालबागच्या साचेखात्यात काम केलेल्या कोणाही जुन्या कामगाराला डेमिंग यांचा हा सिद्धांत समजावून सांगावा लागला नसता. रूई हलकी आली की सूत तुटते, सूत तुटले की साचा थांबतो किंवा कापडात खोट राहते, हवेतील ओलावा कमी पडला तरी तेच. यांपैकी एकही गोष्ट साचेवाल्याच्या हातातली नव्हती. तरीसुद्धा खोट निघालेले कापड त्याच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत मजुरीतून कापून घेण्याची चाल मुंबईच्या गिरण्यांत होती. दोष व्यवस्थेचा आणि दंड माणसाला, असा हा न्याय. या दंडांना आणि कपातींना पहिला कायदेशीर लगाम बसला तो १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने. मजुरीच्या दर रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा अधिक दंड करता येणार नाही, आणि नुकसानीची कपात करायची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालेले असले पाहिजे, असे त्या कायद्याने ठरवले. तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. कायद्याचे नाव बदलले तरी त्यामागचा प्रश्न जुनाच आहे : खोट कोणाची आणि भरपाई कोणाची?

कंपन्यांनी काय घेतले?

ज्या अमेरिकेत हा विचार जन्मला, तिला त्याची आठवण झाली ती १९८० च्या सुमारास, जपानी मोटारींनी आणि दूरचित्रवाणी संचांनी तिची बाजारपेठ व्यापल्यावर. भारतातही त्याच वर्षी ‘भेल’च्या हैदराबादजवळील रामचंद्रपुरम येथील कारखान्यात गुणवत्ता मंडळे सुरू झाली. हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना होता, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. १९८७ मध्ये ‘आयएसओ ९०००’ ही आंतरराष्ट्रीय मानके आली. १९९१ नंतर परदेशी मालाशी गाठ पडताच खाजगी कंपन्याही या मार्गाला लागल्या. १९९८ मध्ये चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला डेमिंग पारितोषिक मिळाले. २००३ मध्ये ते महिंद्र आणि महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला मिळाले. त्या विभागाचा एक कारखाना आपल्या कांदिवलीत आहे. २००८ मध्ये ते टाटा स्टीलला मिळाले.

या कंपन्यांनी केलेले काम दिखाऊ होते असे मी म्हणणार नाही. प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा, प्रत्येक बिघाडाची नोंद, प्रत्येक खात्याने पुढच्या खात्याला आपला ग्राहक समजणे, सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांना शिकवून तयार करणे, या गोष्टींमुळे माल सुधारला, नासाडी कमी झाली, काही ठिकाणी अपघातही घटले. ट्रॅक्टर घेणारा शेतकरी हासुद्धा श्रमिकच आहे. पेरणीच्या दिवसांत त्याचा ट्रॅक्टर बंद पडू नये, ही गोष्ट समाजवाद्यांनाही महत्त्वाची वाटली पाहिजे.

परंतु घेतलेल्या गोष्टींची यादी पाहताना न घेतलेल्या गोष्टींचीही यादी करावी. घोषणांच्या पाट्या काढून टाका, असे मूळ सूत्र सांगते. आपल्याकडे गुणवत्तेचा कार्यक्रम पुष्कळदा पाट्या लावण्यापासूनच सुरू होतो. कोटे रद्द करा, असे सूत्र सांगते. आपल्याकडे दर तासाचे लक्ष्य फळ्यावर लागते आणि ते गाठताच वाढवले जाते. केवळ कमी किमतीकडे पाहून खरेदी करू नका, असे सूत्र सांगते; आणि माणसांचे श्रम मात्र सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या कंत्राटदाराकडून विकत घेतले जातात. समोरच्या एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागात गुणवत्तेचे मानपत्र चौकटीत लावलेले असावे आणि त्याची काच रोज पुसणारी बाई दर वर्षी नव्या कंत्राटदाराच्या नावाने पुन्हा ‘नवी’ ठरत असावी, हे दृश्य तुम्हाला परके नाही.

आणि हा अपवाद राहिलेला नाही. वार्षिक औद्योगिक पाहणीनुसार २०००–०१ साली कारखान्यांतील दर १० कामगारांमागे सुमारे २ कामगार कंत्राटदारामार्फत आलेले होते. अलीकडच्या पाहण्यांत हा आकडा ४ च्या घरात गेला आहे. म्हणजे गुणवत्तेच्या पारितोषिकांचा काळ आणि कंत्राटी श्रमाच्या वाढीचा काळ एकच आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात २० कामगारांपासून लागू होत असे. तो ज्या नव्या संहितेत सामावला गेला, तिची कंत्राटी कामगारांविषयीची तरतूद ५० कामगारांपासून लागू होते.

दोरी कोण ओढणार?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. टोयोटाच्या कारखान्यात जुळणीच्या रांगेवर एक दोरी टांगलेली असे. कोणाही कामगाराला दोष दिसला की त्याने ती ओढायची. मदत धावून येते आणि दोष तेथल्या तेथे दूर झाला नाही तर सगळी रांग थांबते. हजारो रुपयांचे उत्पादन एका सामान्य कामगाराच्या हाताने थांबवायचे, हा अधिकार म्हणजे या पद्धतीचा प्राण आहे. दोष तेथल्या तेथे पकडला नाही, तर तो पुढच्या दहा टप्प्यांवर जाऊन दसपट महाग पडतो.

परंतु साथींनो, ती दोरी ओढायला मनुष्य कसा असावा लागतो? उद्या आपली नोकरी राहील याची त्याला खात्री असावी लागते. ज्याचे नाव कंत्राटदाराने उद्याच्या हजेरीपटावर लिहायचे की नाही हे संध्याकाळी ठरते, तो दोरी ओढत नाही. तो दोष पाहतो आणि मान दुसरीकडे वळवतो. रांग थांबवणारा म्हणून मुकादमाच्या नजरेत येण्यापेक्षा वाईट माल पुढे ढकलणे त्याला सुरक्षित वाटते, आणि त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपणही तेच केले असते. भीतीच्या राज्यात दोष नाहीसे होत नाहीत, ते लपवले जातात. डेमिंग यांनी भीती हद्दपार करायला सांगितली ती दयेपोटी नव्हे. भ्यालेल्या माणसाने दिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही, असा त्यामागचा रोकडा हिशेब होता. कंपन्यांना मात्र निर्भय कामगाराची गुणवत्ता हवी आहे आणि ती भयग्रस्त कामगाराच्या दरात हवी आहे. ही गोष्ट नैतिक दृष्ट्या गैर आहेच. पण व्यवस्थापनशास्त्राच्या दृष्टीनेही ती अशक्य आहे.

जपानमध्ये हे कळण्यासाठी संघर्ष करावा लागला. युद्धोत्तर काळात तेथे मोठे संप झाले. १९५५ मध्ये जपान उत्पादकता केंद्र स्थापन झाले तेव्हा तीन तत्त्वे मान्य करण्यात आली : उत्पादकता वाढवताना रोजगार टिकवला जाईल; बदलाची पद्धत कामगारांशी विचारविनिमय करून ठरेल; आणि वाढीचे फळ व्यवस्थापन, कामगार आणि ग्राहक यांच्यात न्याय्य रीतीने वाटले जाईल. ही तत्त्वे तेथेही सर्वांना सारखी लाभली नाहीत. हंगामी कामगार आणि लहान पुरवठादारांकडील मजूर त्या छत्राच्या बाहेरच राहिले. तरीही तत्त्व म्हणून ती मान्य झाली होती. आपल्या देशाने १९५८ मध्ये राष्ट्रीय उत्पादकता परिषद स्थापली. जपानी पद्धतींची नावे आज आपल्या कारखान्यांत शिपायालाही पाठ आहेत. ही तीन तत्त्वे मात्र गावी नाहीत.

टाटा स्टीलचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी जमशेदपूरच्या या कंपनीत सुमारे ७८ हजार माणसे होती; पंधरा वर्षांत ती सुमारे ३८ हजारांवर आली. याचे कारण केवळ गुणवत्ता कार्यक्रम नव्हे. नवी भट्टी आणि नवी यंत्रे हेही होते. निवृत्तीपूर्वी बाहेर पडणाऱ्यांना पगार चालू ठेवण्याची जी योजना कंपनीने केली, ती इतर अनेकांपेक्षा उदार होती, हे मान्य केले पाहिजे. गिरणगावातील कामगाराच्या वाट्याला तशी योजना आली नाही. तरीही प्रश्न उरतोच. बाहेर पडलेल्या माणसाला पैसे मिळाले. पण त्याच्या मुलासाठी जी जागा असती, ती नाहीशी झाली. सुधारणेच्या हिशेबात ही गोष्ट कोणत्या रकान्यात मांडायची?

ससून डॉकवरचा धडा

आता आपल्या घराजवळ येऊ. १९९७ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय समुदायाने भारतातून येणाऱ्या मासळीवर बंदी घातली. काही मालात रोगजंतू सापडले होते आणि प्रक्रिया कारखान्यांच्या स्वच्छतेविषयी तक्रारी होत्या. डिसेंबर १९९७ मध्ये, तपासून मान्यता दिलेल्या कारखान्यांपुरती ती बंदी उठवण्यात आली. त्याच महिन्यात अमेरिकेनेही मासळीसाठी ‘हॅसप’ ही पद्धत सक्तीची केली.

ही ‘हॅसप’ म्हणजे गुणवत्तेचाच विचार अन्नाला लावलेला. तिचा उगम १९६० च्या दशकात अमेरिकेच्या अंतराळवीरांसाठी अन्न तयार करण्याच्या कामात झाला. प्रत्येक पुडी फोडून तपासली तर खायला काय उरणार? म्हणून धोक्याच्या जागा आधीच ओळखायच्या आणि तेथे पहारा ठेवायचा. मासळीच्या बाबतीत या जागा तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. मासा जाळ्यातून होडीत आला की त्यावर लगेच बर्फ पडला पाहिजे. बांगड्यासारख्या वा कुप्यासारख्या माशाला उष्णता लागली तर त्यात जे विष तयार होते, ते पुढे गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. म्हणजे कारखान्याने नंतर कितीही पांढऱ्या फरश्या बसवल्या तरी होडीवर हुकलेली वेळ परत मिळत नाही. गुणवत्ता नाखवा, तांडेल आणि खलाशी यांच्या हातात सुरू होते. कारखान्यात ती फार तर टिकवता येते.

पण या साखळीत खर्च कोणी केला आणि मोबदला कोणाला मिळाला? बर्फाचा खर्च होडीवाल्याचा. धक्क्यावर स्वच्छ पाणी, छप्पर, निचरा नसेल तर त्याचे नुकसानही त्याचेच, कारण लिलावात भाव पडतो तो त्याच्या टोपलीचा. निर्यातदाराला मान्यतेचा क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकाची किंमत परदेशी बाजारात त्याला मिळते. २०२२–२३ मध्ये भारताने सुमारे १७.३५ लाख टन मासळी निर्यात केली आणि तिचे मूल्य जवळजवळ ६४ हजार कोटी रुपये होते. या रकमेतील बर्फाच्या लादीचा, पहाटेच्या जागरणाचा आणि सोलणाऱ्या बोटांचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडून दाखवत नाही.

सोलणाऱ्या बोटांविषयी आणखी थोडे बोलले पाहिजे. कोळंबी सोलण्याचे काम बहुतेक स्त्रियाच करतात आणि मजुरी पुष्कळदा सोललेल्या वजनावर मिळते. १९९० च्या दशकात निर्यातीच्या कारखान्यांना स्वच्छतेचे नियम लागले तेव्हा केरळमधील तरुण मुलींना कंत्राटदारांमार्फत महाराष्ट्र-गुजरातच्या कारखान्यांत आणून तेथेच राहायला ठेवण्याची रीत वाढली होती. तिच्याविषयी पुष्कळ तक्रारी झाल्या. आता स्वच्छतेचा नियम पाहा. हाताला जखम असलेल्या किंवा आजारी व्यक्तीने मासळीला हात लावू नये. नियम अगदी योग्य आहे. पण बर्फाच्या पाण्यात दिवसभर काटेरी कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या बोटाला जखम होणारच. तिने ती दाखवली तर तिला त्या दिवशी काम नाही, आणि काम नाही तर मजुरी नाही. मग ती काय करील? चिंधी बांधील, हातमोजा चढवील आणि गप्प बसेल. नियम कागदावर शंभर टक्के पाळला जाईल आणि जंतू मात्र परदेशी ताटापर्यंत पोहोचतील. जखमेच्या दिवसाची भरपगारी रजा दिली तर तीच बाई स्वतःहून जखम दाखवील. साथींनो, एका दिवसाची रजा हा येथे दानधर्म नाही. ते गुणवत्तेचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे साधन आहे.

याच्या उलट एक उदाहरण आपल्याच शहरात आहे. मुंबईच्या डबेवाल्यांच्या अचूकपणाचे गोडवे जगभर गायले जातात आणि परदेशी विद्यापीठांत त्यांच्यावर पाठ शिकवले जातात. डब्याच्या झाकणावरची खूण, गाड्यांच्या वेळापत्रकाशी बांधलेले काम, या गोष्टींचे वर्णन होते. मात्र त्यांच्यातील डबेवाला हा कोणाचा नोकर नसतो, तो आपल्या गटाचा भागीदार असतो, मुकादम त्याच गटातून वर आलेला असतो आणि गटाच्या कमाईत त्यांचा वाटा असतो, ही गोष्ट ओझरती सांगितली जाते. करोनाच्या साथीनंतर त्यांचे काम फार घटले आणि संकटाच्या काळात या भागीदारांच्या मागे समाजाचा वा शासनाचा पुरेसा आधार नव्हता, हेही सत्य आहे. परंतु त्यांची अचूकता ज्या मातीत वाढली ती मालकीची आणि बरोबरीची माती होती. खूण कोणालाही उचलता येईल. माती उचलायला कंपन्या तयार नाहीत.

आपण काय मागावे?

आपल्या चळवळीत एक समज रूढ आहे की, गुणवत्ता हा मालकाचा विषय आणि मजुरी हा आपला. हा समज सोडला पाहिजे. रेशनचे धान्य निवडून घ्यावे लागते, महापालिकेच्या रुग्णालयात औषध मिळत नाही, बस वेळेवर येत नाही, तेव्हा वाईट गुणवत्तेची किंमत गरीबच मोजतो. श्रीमंत दुसऱ्या दुकानात जातो. म्हणून गुणवत्तेची मागणी ही श्रमिकांचीच मागणी आहे. फक्त ती पुरी मागितली पाहिजे.

पहिली गोष्ट : जेथे गुणवत्तेचा कार्यक्रम येईल तेथे, कामगारांनी सुचवलेल्या सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असा लेखी करार संघटनेने मागावा. त्याशिवाय गुणवत्ता मंडळात बसणे म्हणजे आपल्या शेजाऱ्याच्या पोटावर पाय देण्याची युक्ती शोधणे होईल. दुसरी : वाचलेला वेळ आणि वाचलेला पैसा यांचा हिशेब कामगारांपुढे मांडला जावा आणि त्यात ठरलेला वाटा असावा; उत्तम सूचनेबद्दल एक घड्याळ आणि टाळ्या एवढ्यावर भागू नये. तिसरी : दोष दिसताच काम थांबवण्याचा अधिकार कायम आणि कंत्राटी अशा दोघांनाही असावा आणि तो वापरल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची हमी असावी. चौथी : नेहमीच्या स्वरूपाचे काम सर्वांत स्वस्त निविदेवर देऊ नये. पाचवी, खास आपल्या किनाऱ्यासाठी : बर्फ, स्वच्छ पाणी, छप्पर आणि निचरा ही सार्वजनिक जबाबदारी माना आणि सोलणाऱ्या स्त्रियांना आजारपणाची व जखमेची भरपगारी रजा द्या.

या मागण्यांना घटनेचा आधार नाही असे कोणी म्हणू नये. १९७६ मध्ये घटनेत ४३-अ हे कलम घातले गेले आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांना सहभाग मिळवून देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९९० मध्ये त्यासाठी संसदेत विधेयकही आले. पण त्याचा कायदा झाला नाही. सूचनापेटीत चिठ्ठी टाकणे आणि व्यवस्थापनात सहभाग असणे यांत मोठे अंतर आहे. चिठ्ठी वाचायची की नाही हे मालक ठरवतो. सहभाग हा हक्क असतो.

हक्काने बोलल्यावर काय होते, याचे एक उदाहरण वरळीच्या आपल्या कोळी बांधवांनी दाखवले आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवायचे असे तज्ज्ञांनी ठरवले होते. त्यातून भरतीच्या लाटेत होडी सुखरूप नेता येणार नाही, हे ज्यांना त्या पाण्यातून रोज जायचे होते त्यांना माहीत होते. त्यांनी सूचनापेटी शोधली नाही, काम अडवले आणि दीर्घ झगडा दिला. त्यांची मागणी याहून मोठी होती, तरी अखेर २०२२ च्या डिसेंबरात १२० मीटर अंतर सरकारने मान्य केले. काम करणाऱ्यालाच कामातला दोष आधी दिसतो, हे गुणवत्तेचे पहिले तत्त्व. तो दोष बोलून दाखवणारा माणूस सुरक्षित असला पाहिजे, हे दुसरे. पहिले तत्त्व कंपन्या स्वतःहून शिकवतील, कारण त्यात त्यांचा फायदा आहे. दुसरे मात्र संघटनेच्या बळावर आपल्यालाच त्यांना शिकवावे लागेल. त्या कामाला आपण लागू या.